पीळ आणि प्रकाशतंतू

टॉवरवर चढवलेली तांब्याची नेटवर्क केबल नकळत अँटेना बनते. प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी तिच्यात विद्युतप्रवाह निर्माण करतात आणि संदेशात गोंगाट मिसळतो. दूरध्वनीच्या आरंभकाळात, १८८१ मध्ये, अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी एका साध्या उपायाचे पेटंट घेतले: दोन तारांना एकमेकींभोवती पीळ द्यायचा. मग दोन्हींत जवळपास सारखाच व्यत्यय शिरतो. ग्राहकयंत्र केवळ त्यांतील फरक वाचत असल्याने तो बराचसा वजा होतो. आजच्या नेटवर्क केबलमध्येही हाच पीळ आहे.

नारायणगावजवळ खोडदला प्रश्नाची दुसरी बाजूही महत्त्वाची आहे: तार लहरी पकडते, तशा बाहेरही फेकते. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरल्या आहेत. दूरच्या दीर्घिकांचे अतिक्षीण संकेत त्या प्रकाशतंतूंमार्गे मध्यवर्ती केंद्राकडे धाडतात. काच विद्युतवाहक नसल्याने हा तंतू रेडिओलहरी पकडत नाही आणि फेकतही नाही.

मात्र वीजवाहिन्यांवरील ठिणग्यांचा गोंगाट थेट अँटेनातूनच शिरतो. तिथे तंतू हतबल असतो. म्हणूनच दुर्बिणीच्या उन्नत आवृत्तीत निरीक्षण चालू असतानाच असा व्यत्यय गाळणारी यंत्रणा जोडावी लागली.