फळीमागचा सांधेवाला

आगगाडीचा इतिहास सांगावयाचा म्हणजे आपण इंजिनापासून प्रारंभ करतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली, हे शाळेतले पोरही घडाघडा म्हणून दाखवते. पण गाडी कोणत्या रुळावर जावी हे ठरवणारा हात त्या धड्यात नसतो. तो हात सांधेवाल्याचा. इंजिन धावते वाफेने. सुखरूप पोचते ते त्याच्या इमानाने.

पण इमानालाही डुलकी लागते. म्हणूनच इंग्लंडात जॉन सॅक्स्बीने १८५६ साली सांधे आणि सिग्नल एकदमच हलवणाऱ्या यंत्रणेचे पेटंट घेतले. पुढे दांड्या एकमेकींत अशा अडकवल्या गेल्या की, सांधा नीट लागल्यावाचून सिग्नल मिळूच नये. माणसाला दटावीत बसण्यापेक्षा चुकीची वाटच बुजवावी, असा हा विचार. मास्तरकी करणाऱ्या मला तो फार मोलाचा वाटतो.

खेळण्यातली गाडीही याच वाटेने गेली. जर्मनीच्या मेर्क्लिन कंपनीने १८९१ साली ठरावीक मापाचे रूळ बाजारात आणले. आज ‘एचओ’ हे माप सर्वत्र चालते. त्यात गाडी खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची आणि रुळांतले अंतर साडेसोळा मिलिमीटर. पाहणारा बोगद्यात आणि पुलात रमतो. पण मांडणीच्या कडेला जी दर्शनी फळी असते, तिच्यावर साऱ्या रुळांचा नकाशा रेखलेला असतो. रुळांचे विजेपुरते तुकडे पाडलेले, प्रत्येकाला आपला खटका. प्रवाहाची दिशा उलटली की गाडी उलटी फिरते. सांध्याचे बटण मात्र क्षणभरच दाबावयाचे. दाबून धरले तर आतले वेटोळे जळते. सत्ता किती वेळ वापरावी, हेही ती फळी शिकवते!

अमेरिकेत एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी १९४६ साली अशा गाड्यांचे मंडळ काढले. काहींना झाडे-घरे सजवण्याची गोडी, तर काहींचा जीव फळीखालच्या तारांत. टेलिफोनचे रिले जोडता जोडता त्यांतले कित्येक संगणकापर्यंत पोचले. आपल्याकडे पुण्याच्या भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून एक अवघे शहर उभे केले आणि १ एप्रिल १९९८ रोजी कोथरूडला ते संग्रहालय लोकांसाठी खुले झाले.

आता कोणी म्हणेल, बीडच्या माणसाने हे का सांगावे? वाचकहो, त्यानेच सांगावे! आमच्या जिल्ह्यात परळीला निजामाच्या अमदानीतच रूळ आले. पण खुद्द बीड शहराला गाडी दिसली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी. नगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला होता विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात. ज्या पिढीने तेव्हा पाटी हाती घेतली, तिची मुले शाळेत जाऊ लागली तेव्हा शिट्टी ऐकू आली. इतकी वर्षे आम्ही फळीच्या अलीकडे उभे होतो आणि आमचा खटका दुसऱ्याच कोणाच्या हाती होता.

म्हणून वाटते, आमच्या पोरांना गाडी दाखवावी, तशी एक फळीही बनवू द्यावी. लाकडाचा तुकडा, चार खटके, थोडी तार, दोन दिवे एवढ्यावर काम भागते. गाडीत बसणारे पुष्कळ निघतील. आपली वाट कोठे वळते आणि ती कोण वळवतो, हे ओळखणारे चार जण तरी त्यांतून निघावेत.