शिक्षकाची परीक्षा : इतिहासातील दोन पाने

वाचकहो, परीक्षा विद्यार्थ्यांनी द्यावयाची आणि गुण शिक्षकाने, अशी आपली सर्वांची समजूत असते. याच्या अगदी उलट व्यवस्था एके काळी रूढ होती, असे सांगितले तर आपणांस नवल वाटेल.

इटलीतील बोलोन्या शहरी बाराव्या-तेराव्या शतकांत कायदा शिकण्यासाठी दूरदूरच्या प्रदेशांतून तरुण येत. परक्या शहरात त्यांना ना नागरिकत्वाचे हक्क, ना कोणाचे संरक्षण. म्हणून त्यांनी आपले संघ उभारले आणि त्यांचे प्रमुख, म्हणजे रेक्टर, आपल्यातूनच निवडले. प्राध्यापकांचे मानधन विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून निघे. मग नियमही त्यांचेच! प्राध्यापकाने घंटा होताच आरंभ करावा व पुढील घंटेला थांबावे. रजेवाचून एक दिवसही गैरहजर राहू नये. गावाबाहेर जावयाचे तर परत येण्याची हमी म्हणून अनामत ठेवावी. नेमलेला भाग नेमलेल्या मुदतीत संपवावा. अवघड भाग गाळू नये, की तासाच्या अखेरीस ढकलू नये (ही खोड आम्हा शिक्षकांत किती जुनी आहे, पाहा!). नेहमीच्या व्याख्यानाला पाच श्रोतेही जमले नाहीत, तर प्राध्यापकाला गैरहजर समजून दंड होई. या सर्वांवर नजर ठेवण्यासाठी विद्यार्थ्यांतूनच गुप्तपणे माणसे नेमलेली असत.

पुढे शहराच्या तिजोरीतून पगार मिळू लागले, तशी विद्यार्थ्यांची ही सत्ता ओसरत गेली. मला त्याचे फारसे दुःख नाही. दंडाच्या भीतीने शिक्षक वेळेवर येईल. पण समोरच्या मुलाला समजले की नाही, हे दंडाने कसे कळावे?

विसाव्या शतकात, १९२७ साली, अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात हर्मन रेमर्स यांनी अध्यापकांविषयी विद्यार्थ्यांची मते नोंदविण्याची मोजपट्टी तयार केली. त्या आकड्यांत येथे शिरत नाही. मला मोलाचे वाटते ते दुसरे पान, आणि तेही इटलीतलेच.

फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरात बार्बियाना नावाची एक वाडी आहे. तेथे १९५४ साली लोरेन्झो मिलानी नावाचे धर्मगुरू आले. शाळेने नापास करून घरी बसविलेली शेतकऱ्यांची मुले त्यांनी गोळा केली व शिकवू लागले. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवावे, अशी रीत होती. त्यांतील दोघे शिक्षकी पेशाच्या शाळेत गेले आणि तेथेही नापास झाले. तेव्हा आठ मुलांनी मिळून आपल्या शिक्षिकेस उद्देशून एक दीर्घ पत्र लिहिले. १९६७ साली ते पुस्तकरूपाने निघाले. त्याच वर्षी मिलानी वारले. या पत्राचा मराठी अनुवादही झाला आहे.

पत्रात नुसता राग नाही. मुलांनी शाळांच्या निकालांचे आकडे जमवून नापास होणारी मुले कोणाची, ते दाखवून दिले : शेतकऱ्यांची आणि मजुरांची. शाळेची भाषा डॉक्टरच्या मुलाच्या घरची होती, यांच्या घरची नव्हती. नापास करू नका, शाळा दिवसभर चालवा, आळशी वाटणाऱ्या मुलाला शिकण्याचा हेतू द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या.

हे पुस्तक मी वाचले तेव्हा मला एक उत्तरपत्रिका आठवली. सातवीच्या इतिहासाच्या पेपरात एका मुलाने प्रश्नाखाली लिहिले होते, ‘मांडलिक म्हणजे काय ते माहीत नाही, म्हणून उत्तर लिहिले नाही.’ मी शून्य देऊन पान उलटले. रात्री मात्र झोप लागेना. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारले, तर अर्ध्याहून अधिक मुलांना तो शब्द ठाऊक नव्हता. त्यांच्या घरात उर्दू बोलतात; हा शब्द त्यांच्या कानांवर यावा कोठून? आणि मी कित्येक वर्षे तो धडा याच शब्दावर शिकवीत आलो होतो! त्या मुलाचे शून्य मी खोडले. आधीच्या वर्षांतील मुलांचे काय, हे मात्र मला सांगता येणार नाही.

तेव्हापासून प्रत्येक धड्यानंतर मी पाच मिनिटे राखून ठेवतो. काय समजले नाही ते मुलांनी चिठ्ठीवर लिहावयाचे. नाव घालावयाचे नाही, एवढाच नियम. गेल्या आठवड्यात एक चिठ्ठी आली : ‘सर, तुम्ही फळ्याकडे तोंड करून बोलता, मागे ऐकू येत नाही.’ अक्षर मी ओळखले; तसे दाखविले मात्र नाही.