करोडगिरीपासून सीमाशुल्कापर्यंत : शिवणसाहित्याची नावे आणि त्यांचे वर्गीकरण

करव्यवस्थेचा इतिहास बहुधा दरांच्या अंगाने लिहिला जातो. परंतु दर ठरण्यापूर्वी मालाला नाव द्यावे लागते, आणि कोणाच्या भाषेतील नाव प्रमाण मानावयाचे हा प्रश्न दराइतकाच निर्णायक ठरतो. मराठी, तेलुगु व कन्नड या तीन भाषाप्रदेशांच्या सीमेवर वसलेल्या देगलूरसारख्या बाजारपेठेच्या संदर्भात हे विशेष स्पष्टपणे दिसते.

१९४८ पर्यंत देगलूर निजामाच्या राज्यात होते. त्या राज्यात जकातीच्या खात्यास ‘करोडगिरी’ म्हणत. अकबराच्या काळी एक कोटीच्या वसुलीचा मुलूख ज्याच्याकडे सोपविला जाई तो ‘करोडी’; त्याच्या हुद्द्याचे नाव पुढे जकातीस चिकटले. कंपनी सरकार व निजाम यांच्यात १८०२ मध्ये झालेल्या व्यापारी तहाने कंपनीच्या मुलखातून येणाऱ्या मालावर सरसकट शेकडा ५ असा मूल्याधारित कर ठरला. दर एकच असल्यामुळे वाद झालाच तर तो किमतीचा होई. नावाचा होण्यास कारण नव्हते. विलायती माल मात्र मुंबई बंदरात ब्रिटिश हिंदुस्थानची जकात भरून येई आणि निजामाच्या हद्दीवर पुन्हा करास पात्र ठरे. १९३४ च्या इंडियन टॅरिफ ॲक्टच्या परिशिष्टात मालाची नावनिशीवार वर्गवारी होती. एकाच गठ्ठ्यास अशा रीतीने दोन निरनिराळ्या पद्धतींनी सामोरे जावे लागे.

शिंप्याच्या सामानाची मराठी नावे या व्यापाराचाच इतिहास सांगतात. ‘काज’ आणि ‘फीत’ हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. ‘जर’, ‘किनार’ व ‘अस्तर’ हे फारसीतून. ‘लेस’ आणि ‘इलॅस्टिक’ इंग्रजीतून. ही नावे वस्तूच्या उपयोगावरून अर्थ घेतात. कापडाच्या कडेला लावावयाची अरुंद पट्टी ती फीत. ती विणलेली की गुंफलेली, हे दुकानात सहसा कोणी विचारीत नाही.

१९५० च्या राज्यघटनेतील अनुच्छेद ३०६ अन्वये हैदराबादसारख्या ‘ब’ वर्गातील राज्यांना केंद्राशी करार करून अंतर्गत आयातकर अधिकात अधिक दहा वर्षे चालू ठेवण्याची मुभा होती. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने तो अनुच्छेद रद्द झाला. त्याच वर्षी नांदेड जिल्हा, आणि त्यासह देगलूर, मुंबई राज्यात आला. राज्याच्या हद्दीवरील नाका गेला, बंदरावरील राहिला. १९६२ चा सीमाशुल्क अधिनियम आणि १९७६ पासून अमलात आलेला १९७५ चा सीमाशुल्क दर अधिनियम यांनी नवी चौकट दिली. १९८६ पासून तिचे वर्गीकरण आंतरराष्ट्रीय सुसंवादी पद्धतीनुसार झाले.

या पद्धतीत एका पेटीतील सामान अनेक प्रकरणांत विखुरते. शिवणाची पोलादी सुई ७३ व्या प्रकरणात, धातूचे आकडे व टिकल्या ८३ व्या, जर ५६ व्या, तर बटण आणि चेन ९६ व्या संकीर्ण प्रकरणात पडतात. फितीची स्थिती याहून सूक्ष्म आहे. ३० सेंटिमीटरपर्यंत रुंदीचे अरुंद विणलेले कापड ५८०६ या शीर्षाखाली, गुंफलेली वेणी ५८०८ खाली, लेस ५८०४ खाली आणि भरतकामाची पट्टी ५८१० खाली येते. इलॅस्टिकची पट्टी मागावर विणलेली असेल तर ५८०६ मध्ये. सुयांवर टाके घालून विणलेली असेल तर ६० व्या प्रकरणात. या शेवटच्या दोन प्रकारांना मराठीत ‘विणलेली’ हे एकच विशेषण आहे. कायदा मात्र तेथेच सीमारेषा आखतो.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. बाजाराची भाषा वस्तूचा उपयोग पाहते, तर दरपत्रकाची भाषा बव्हंशी द्रव्य व रचना पाहते. यांपैकी कोणतीही अशुद्ध नव्हे. तथापि करोडगिरीच्या काळी कारभाराची भाषा उर्दू होती आणि दुकानाची मराठी वा तेलुगु; आज दरपत्रक इंग्रजी-हिंदीत आहे आणि दुकान पूर्वीचेच आहे. सीमा बदलल्या, दुभाष्याची गरज संपली नाही. मागावरील आणि सुयांवरील विणकामास स्वतंत्र मराठी संज्ञा योजणे हे म्हणूनच केवळ कोशकाराचे काम नव्हे. आपल्या मालावर कोणता कर का बसला, हे लहान व्यापाऱ्यास स्वतःच्या भाषेत समजण्याची ती पूर्वअट होय.