कुक्षी परगणा ते मध्य प्रदेश : दप्तरांतून दिसणारी वाट

माळव्यातील मराठी संस्थानांचा शेवट बहुधा एका तारखेने सांगितला जातो. २२ एप्रिल १९४८ रोजी ग्वाल्हेर, इंदूर व माळव्यातील इतर संस्थानांच्या एकीकरणाचा करारनामा झाला आणि २५ संस्थानांचे मिळून मध्य भारत हे राज्य ठरले. धार, देवास थोरली पाती व देवास धाकटी पाती ही पवारांची तिन्ही संस्थाने त्यांत होती. या करारनाम्यावरून सत्ता कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, एवढे समजते. प्रजेच्या वाट्याला काय आले, हे समजण्यास मात्र एखाद्या परगण्याकडे वळावे लागते.

कुक्षी हा धार संस्थानाचा नर्मदेच्या खोऱ्यातील परगणा. जवळचे बाघ ग्वाल्हेरच्या अंमलात होते. पश्चिमेस अलीराजपूर, तर नर्मदेपलीकडे बडवानी. थोड्याशा अंतरात राजा बदले, कायदा बदले. भिल्ल व भिलाला समाजाची वस्ती मात्र या सर्व हद्दींच्या दोन्ही बाजूंस सारखीच पसरलेली होती.

या परगण्याच्या इतिहासाची साधने निरनिराळ्या भाषांत विखुरली आहेत. इंग्रजांशी झालेले तह इंग्रजीत छापून निघाले आहेत. देवासचा तह डिसेंबर १८१८ मधला, तर धारचा १० जानेवारी १८१९ चा. १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांनी धारचा किल्ला घेतला व संस्थान खालसा केले. १८६० मध्ये ते परत दिले, पण बैरसियाचा परगणा वगळून. तो भोपाळकडे गेला. एका हुकुमाने परगण्याचा धनी कसा बदले, याचे हे उदाहरण पुरेसे बोलके आहे.

मराठी संस्थानांचा घरचा कारभार मात्र मोडीत चाले. जमाबंदी, ताळेबंद, सनदा, इनामपत्रे, हुकूम यांतूनच सारा कोणी किती भरावा आणि जमीन कोणाकडे कोणत्या हक्काने असावी, हे ठरे. तहनाम्यात राजाचे नाव येते. पाटील, इनामदार व कुळे यांची गाठ पडते ती या कागदांत.

१९४७ मध्ये सामीलनाम्याने संस्थानांनी संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण हे तीन विषय केंद्राकडे सोपविले. पुढच्या वर्षीच्या करारनाम्याने उरलेला कारभारही गेला. १ जुलै १९४८ पर्यंत तो राजप्रमुखांच्या स्वाधीन करण्याचे बंधन त्यात होते. २८ मे १९४८ रोजी ग्वाल्हेर येथे पंडित नेहरूंच्या हस्ते नव्या राज्याचे उद्घाटन झाले. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले. राजधानीही दोन शहरांत वाटली गेली : हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. धारची गावे व ग्वाल्हेरचा अमझेरा हा भाग एका धार जिल्ह्यात आला आणि कुक्षी व बाघ यांच्यामधली जुनी हद्द पुसली गेली. पुढे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रांत कुक्षी तहसिलीचा समावेश झाला. आदिवासींच्या जमिनीचे रक्षण हा या तरतुदीचा एक मुख्य हेतू होय.

राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ मध्ये आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य भारत, विंध्य प्रदेश, भोपाळ व महाकोशल मिळून नवा मध्य प्रदेश झाला. त्याच दिवशी नागपूरसह विदर्भाचे आठ मराठी जिल्हे जुन्या मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेले. माळव्यातील मराठी मंडळींच्या दृष्टीने या घटनेस एक वेगळा अर्थ आहे. विदर्भासह नवे राज्य झाले असते, तर त्यात मराठीचे मोठे क्षेत्र राहिले असते. प्रत्यक्षात हिंदी राज्यात मराठी ही विखुरलेल्या कुटुंबांची भाषा उरली. मोडीचे शिक्षणही मागे पडले, आणि दप्तरे जिथे आहेत तिथे त्यांचे वाचक दुर्मीळ झाले.

ही हानी केवळ मराठी भाषकांची नव्हे. ज्यांची बोली भिली व निमाडी आणि ज्यांच्या हाती लेखणी नव्हती, त्यांच्या पूर्वजांचा जमिनीशी असलेला संबंधही याच मोडी ओळींत, कारकुनाच्या शब्दांत, नोंदला गेला आहे. त्या ओळी कोणास वाचता आल्या नाहीत, तर राज्यनिर्मितीच्या इतिहासात केवळ सह्या करणारेच उरतील. सीतामऊचे राजकुमार व इतिहासकार डॉ. रघुबीरसिंह यांनी श्रीनटनागर शोध संस्थानात माळव्याच्या इतिहासाची साधने जमविली. संस्थानी घराण्यात जन्मूनही कागद अभ्यासकांस खुले असावेत, हे त्यांनी ओळखले होते.

मध्य भारताच्या पहिल्या विधानसभेत १९५२ मध्ये निवडून आलेल्या जमुनादेवी पुढे कुक्षीच्या आमदार, राज्याच्या उपमुख्यमंत्री व विरोधी पक्षनेत्या झाल्या. ज्या मुलुखाविषयी एके काळी फक्त दरबारात लिहिले जाई, त्याच्या वतीने एक आदिवासी स्त्री सभागृहात बोलू लागली. परगण्यापासून राज्यापर्यंतची वाट येथवर येते. तिचा आरंभ ज्या कागदांत आहे, ते वाचणारे चार लोक प्रत्येक पिढीत तयार करणे, हे माळव्यातील मराठी ग्रंथालयांपुढचे कार्य आहे. कागद जपणारे पुष्कळ असतात. वाचणारे नसतील, तर जपलेला कागदही मुकाच राहतो.