फुंकरीचा उपचार

जपानात १९८३ साली निघालेल्या निन्टेन्डोच्या ‘फॅमिकॉम’ खेळयंत्रात कॅसेट वरून खोचीत. त्याच वर्षी अमेरिकेत अशा यंत्रांचा बाजार कोसळला व दुकानदार बिथरले. म्हणून १९८५ साली तेथे आणलेल्या ‘एनईएस’ला व्हिडिओ रेकॉर्डरचा वेष चढविला गेला, कॅसेट समोरून सारून खाली दाबावयाची! या सोंगापायी आतील ७२ पिना सैल पडत. परवान्याची कॅसेट पारखणाऱ्या चिपचा जोड तुटला की यंत्र पुन:पुन्हा नव्याने सुरू होई, दिवा लुकलुके. मुले कॅसेटीत फुंकर घालीत. गुण येई तो बहुधा पुन्हा खोचल्याने. फुंकरीची ओल मात्र धातूस बाधे. आम्हांस विचाराल तर कॅसेटीच्या धातूपट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात, यंत्र उघडून पिनाही स्वच्छ कराव्यात. मूळ जोडभाग फेकण्याची घाई नको. १९९३ च्या नव्या घडणीत कॅसेट पुन्हा वरूनच जाऊ लागली.