पीडीएफच्या काळात पुस्तक कोणाचे?

शहापूर-मुरबाडच्या बौद्ध वस्त्यांत पुस्तके वर्षानुवर्षे एकाच वाटेने आली. ६ डिसेंबरला आसनगाव, आटगावहून लोकल पकडायची, मुरबाडकरांनी आधी कल्याण गाठायचे आणि शिवाजी पार्कच्या स्टॉलवरून पिशवी भरून परतायचे. आता तेच ग्रंथ पीडीएफ होऊन मोबाईलवर येतात. सोय मोठीच आहे, पण कोणता ग्रंथ छापायला आणि वाटायला मोकळा आहे, याबाबत आपल्याकडे गोंधळ आहे.

प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे प्रताधिकार टिकतो. म्हणून बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले त्यांचे ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून सर्वांना खुले झाले. निधनानंतर प्रथम छापलेल्या लेखनाचा हिशेब मात्र प्रकाशनाच्या वर्षापासून होतो. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’चा मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ चा, तो २०१८ मध्ये खुला झाला. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ शासनाच्या खंडांतून १९८७ मध्ये आले, त्याची मुदत २०४७ अखेरपर्यंत आहे. आणि मराठी अनुवाद? त्यावर अनुवादकाचा वेगळा हक्क असतो. मूळ ग्रंथ खुला झाला म्हणून अनुवादही आपोआप खुला होत नाही. नेमके हेच अनेकांच्या ध्यानात येत नाही.

स्वतः पुस्तक काढणे आपल्याला नवे नाही. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने परिषद रद्द केली, तेव्हा बाबासाहेबांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ १९३६ मध्ये स्वखर्चाने छापले, प्रती १५००. आज गावाच्या धर्मांतराच्या आठवणी लिहिणाऱ्याला लिहिल्याक्षणीच प्रताधिकार मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था मोफत देते. तो केवळ ओळख-क्रमांक आहे, त्याने मालकी सिद्ध होत नाही. त्यासाठी कुणी हजारो रुपये मागत असेल तर सरळ नकार द्यावा.

प्रकाशकाशी करार करताना ई-पुस्तक आणि ऑडिओचे हक्क वेगळे लिहून घ्यावेत. हक्क किती काळासाठी दिले हे करारात नसेल, तर कायदा ५ वर्षे धरतो. हक्क विकले तरी लेखक म्हणून नाव लागण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. नाव खोडून पुढे पाठवलेली पीडीएफ हा त्याचाच भंग. शेवटी एक साधी गोष्ट: छापखान्याकडून युनिकोडमधली फाइल मागून घ्या. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर नुसती अगम्य चिन्हे होतो, आणि पुढची आवृत्ती पुन्हा पहिल्यापासून टाइप करावी लागते.