सशाचे दात : दुर्लक्ष नको

सदनिकेत पाळण्यास सोयीचा प्राणी म्हणून अनेक घरांत ससा येतो. तो भुंकत नाही, ओरडत नाही, दुखणेही लपवतो. त्यामुळे दाताचा विकार बळावेपर्यंत घरच्यांना त्याचा पत्ता लागत नाही.

दातांची रचना
प्रौढ सशाला २८ दात असतात. त्यांपैकी सहा पटाशीचे आणि २२ दाढा, सुळे नसतात. हे सर्व दात आयुष्यभर वाढत राहतात. पटाशीचे दात आठवड्याला सुमारे २ ते ३ मिलिमीटर वाढतात. गवत चघळताना खालचा जबडा आडवा फिरतो व दाढा एकमेकींवर घासून त्यांची झीज होते. वाढ आणि झीज यांचा हा मेळ बिघडला की विकार सुरू होतो.

कारणे
तयार खाद्याच्या गोळ्या, पाव, बिस्किटे यांना फारसे चघळावे लागत नाही. परिणामी दाढांना टोके येऊन जीभ व गाल सोलवटतात. मुळे जबड्यात रुतू लागतात. आखूड तोंडाच्या बुटक्या जातींमध्ये जबड्याची ठेवण जन्मतःच सदोष असण्याचा संभव अधिक असतो.

लक्षणे
आवडता पदार्थ तोंडात घेऊन टाकून देणे, हनुवटी लाळेने ओली राहणे, एका डोळ्यातून सतत पाणी येणे, लेंड्या लहान व कमी होणे, वजन घटणे, जबड्याखाली गाठ येणे यांपैकी काहीही आढळल्यास तपासणी करून घ्यावी. सशाने १२ तास काहीच खाल्ले नाही, तर त्याच्या आतड्यांची हालचाल मंदावून जिवावर बेतू शकते. अशा वेळी दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

उपचार
वाढलेले दात घरी नेलकटरने कापू नयेत. दात उभा चिरतो व आतील गाभा उघडा पडून जंतुसंसर्ग होतो. पशुवैद्य यंत्राने दात घासून देतात. दाढांसाठी भूल द्यावी लागते. मुळांची स्थिती क्ष-किरण तपासणीत कळते. सशाला उलटी होत नाही, म्हणून भुलीपूर्वी त्याला कुत्र्याप्रमाणे रात्रभर उपाशी ठेवत नाहीत. घरातील प्रतिजैविके परस्पर देऊ नयेत. पेनिसिलिन गटातील औषधे पोटात गेल्यास सशाला घातक ठरतात.

प्रतिबंध
आहाराचा मुख्य भाग वाळलेले गवत हाच असावा व ते दिवसभर समोर असावे. जोडीला हरळी व पालेभाजी द्यावी. लसूणघासात कॅल्शियम अधिक असल्याने प्रौढ सशाला तो रोज देऊ नये. गाजर केवळ चवीपुरते. पावसाळ्यात गवताला बुरशी लागलेली नाही ना, हे पाहावे. आठवड्यातून एकदा वजन करून पटाशीचे दात पाहावेत. दाढा मात्र घरी दिसत नाहीत. त्यासाठी वर्षातून किमान एकदा सशांच्या उपचारांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे जावे.